खोलवडच्या रस्त्याला नाव द्यायचं तर

मंडळी, आधी मागणी सांगतो, मग कारणं. सुरतजवळच्या कामरेज चौकडीकडून खोलवड गावात जाणाऱ्या रस्त्याला डॉ. युसूफ दादू यांचं नाव द्यावं, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी कामरेज, खोलवड, कठोर या पट्ट्यात राहणाऱ्यांनी थोडी खटपट करावी आणि तीत आपण मराठी माणसांनीही हात लावावा. खटपट म्हणजे मोर्चा नाही, घोषणा नाहीत, रात्रीतून लावलेला बोर्ड तर अजिबात नाही. एक अर्ज, बऱ्याचशा सह्या, ग्रामसभेतली एक चर्चा, आणि नीट मजकूर लिहिलेली एक पाटी.

दादू कोण, असं तुम्ही विचारणारच. ते नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं. चौकडीवर बसची वाट पाहणाऱ्या दहा जणांना विचारलंत तर नऊ जण खांदे उडवतील आणि दहावा विचारेल, "कुठल्या पार्टीचे?" म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खोलवड आणि कठोर ही सुरती सुन्नी व्होरा मंडळींची जुनी गावं. तापीच्या अलीकडे खोलवड, पलीकडे कठोर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या भागातली माणसं पोटापाण्यासाठी समुद्रापार जाऊ लागली. कुणी मॉरिशसला गेलं, कुणी रियुनियनला, पुष्कळजण दक्षिण आफ्रिकेला. ही माणसं गिरमिटिया नव्हती. करारावर उसाच्या मळ्यांत नेलेले मजूर वेगळे, आणि स्वतःच्या खिशातून बोटीचं तिकीट काढून, दुकान टाकायचं ठरवून गेलेले हे सुरती वेगळे. त्यांच्यातच खोलवडचे महंमद मामूजी दादू होते. सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यात, जोहान्सबर्गच्या पश्चिमेला क्रूगर्सडॉर्प नावाचं गाव आहे, तिथे त्यांनी दुकान थाटलं.

दुकान थाटलं, पण जागा आपल्या नावावर करता येईना. ट्रान्सवालमध्ये १८८५ सालापासून कायदाच होता की आशियाई माणसाने जमीन विकत घ्यायची नाही. व्यापार करा, कर भरा, पण चार भिंती तुमच्या नाहीत. दादूशेठनी यावर जी तोड काढली तिला सुरती डोकंच लागतं. त्यांनी दादू लिमिटेड नावाची कंपनी काढली. कंपनीचे शेअर एकूण १५०, त्यातले १४९ त्यांचे आणि एक दुसऱ्या एका हिंदी गृहस्थाचा. जागा कंपनीने घेतली आणि कंपनीने ती दादूशेठना भाड्याने दिली. नगरपालिका चिडली, कोर्टात गेली. हा कायद्याला हातोहात फसवण्याचा प्रकार आहे, असं तिचं म्हणणं. १९२० साली तिथल्या सर्वोच्च अपील कोर्टाने निकाल दिला की कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे, तिला ना वंश ना रंग, तेव्हा जमीन तिचीच. कंपनी कायदा शिकणारे विद्यार्थी तिथे आजही हा खटला अभ्यासतात. सरकारने मात्र आधीच, १९१९ साली, नवा कायदा करून पुढच्यांसाठी ही फट बुजवून टाकली होती.

अशा घरात ५ सप्टेंबर १९०९ ला युसूफचा जन्म झाला. बाप कोर्टाची पायरी चढतोय आणि रस्त्यावर गोरी पोरं 'कुली' म्हणून ओरडतायत, हे बघत तो मोठा झाला. पुढे वडिलांनी त्याला शिकायला अलिगढला पाठवलं. तिथून परतल्यावर १९२९ साली तो विलायतेला गेला आणि एडिंबरोत डॉक्टर झाला. १९३६ मध्ये मायदेशी येऊन दवाखाना उघडला. बापाची इच्छा उघड होती: मुलाने दवाखाना चालवावा, चार पैसे जोडावेत. झालं उलटंच.

त्या काळचं तिथलं हिंदी पुढारीपण मोठ्या व्यापाऱ्यांच्या हातात होतं. त्यांचा मार्ग अर्ज-विनंतीचा. दुकानाचे परवाने वाचवावेत, जमलं तर सवलत मागावी, आणि काळ्या आफ्रिकी लोकांच्या भानगडीत पडू नये. तरुण दादूंना हे पटेना. १९३९ मध्ये नव्या जमीन-व्यापार कायद्याविरुद्ध त्यांनी सत्याग्रहाची तयारी केली, १ ऑगस्ट ही तारीखही ठरली. गांधीजींनी थांबायला सांगितलं, म्हणून ते थांबले. पण ते थांबणं कायमचं नव्हतं. १९४६ साली हिंदी लोकांनी कुठे राहावं आणि कुठे जागा घ्यावी यावर आणखी फास आवळणारा कायदा आला. लोक त्याला 'घेट्टो कायदा' म्हणत. १३ जून १९४६ ला डर्बनमध्ये गेल स्ट्रीट आणि अंबिलो रोडच्या कोपऱ्यावरच्या एका मोकळ्या जागेत, जिथे हिंदी माणसाला राहायची बंदी होती तिथे, सत्याग्रह्यांनी तंबू ठोकले. रात्री गोऱ्या गुंडांच्या टोळ्या येऊन तंबू फाडायच्या, माणसांना बडवायच्या. दुसऱ्या दिवशी नवे तंबू उभे राहायचे. या सत्याग्रहात सुमारे २,००० माणसं तुरुंगात गेली. त्यांत बायाही होत्या आणि दादूही होते. आपल्या देशाने त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. स्वातंत्र्य मिळायला तेव्हा अजून वर्ष होतं, हे लक्षात घ्या.

पण दादूंची खरी कामगिरी माझ्या मते यानंतरची आहे. ९ मार्च १९४७ ला जोहान्सबर्गमध्ये तीन डॉक्टरांनी एका कागदावर सह्या केल्या. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे डॉ. ए. बी. झुमा, नाताळ इंडियन काँग्रेसचे डॉ. मॉन्टी नायकर आणि ट्रान्सवाल इंडियन काँग्रेसचे डॉ. युसूफ दादू. काळे आणि हिंदी यापुढे हक्कांची लढाई एकत्र लढतील, सगळ्यांना मताचा अधिकार मागतील, असा तो करार. आज वाचताना वाटतं, यात काय विशेष? विशेष हे की एका दुकानदार जमातीचा माणूस म्हणत होता, माझ्या दुकानाचा परवाना वाचवून मी घरी बसणार नाही. ज्याला माझ्यापेक्षा कमी मिळतं त्याच्या शेजारी मी उभा राहणार. मुंबईत, सुरतेत, कुठेही बघा, थोडं स्थिरावलेला परप्रांतीय सहसा हे करत नाही. तो आपल्याहून नव्या, आपल्याहून गरीब माणसापासून चार हात लांब राहतो. आपणही राहतो. ऊसतोडीच्या हंगामात डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून आलेल्या कोयत्यांच्या टोळ्या या भागात प्लास्टिकच्या पालांत राहतात. त्यांची भाषा आपल्यातल्या कित्येकांच्या घरची, तरी आपली मोटारसायकल त्यांच्या पडावाजवळ किती वेळा थांबते?

असो. पुढे २६ जून १९५२ ला आफ्रिकी आणि हिंदी, दोन्ही काँग्रेसनी मिळून अन्यायी कायदे मोडायची मोहीम सुरू केली. 'फक्त युरोपियनांसाठी' लिहिलेल्या दारातून आत जायचं, त्या बाकावर बसायचं, आणि पकडून नेलं की मुकाट जायचं. ८,००० हून जास्त लोकांनी अटक करून घेतली. दादूंवर भाषणबंदी होती, ती मोडून ते आत गेले. १९५५ साली क्लिपटाउनच्या मोठ्या जनसभेत अल्बर्ट लुथुली, फादर ट्रेव्हर हडलस्टन आणि दादू या तिघांना 'इसितवालांद्वे' हा तिथल्या चळवळीचा सर्वांत मोठा मान देण्यात आला. बंदीहुकूम असल्याने दादूंना तिथे जाता आलं नाही. १९६० मध्ये ते देशाबाहेर गेले आणि परत कधी येऊ शकले नाहीत. १९ सप्टेंबर १९८३ ला लंडनमध्ये वारले. हायगेटच्या दफनभूमीत, कार्ल मार्क्सच्या थडग्याजवळ, त्यांना पुरलं आहे.

आता थोडं खोलवडच्या नावाबद्दल, कारण हे नाव फक्त सातबाऱ्यावर राहिलेलं नाही. जोहान्सबर्गच्या मध्यवस्तीत मार्केट स्ट्रीटवर 'खोलवड हाउस' नावाची इमारत आहे. खोलवडहून गेलेल्या लोकांच्या मदरशाच्या संस्थेची ती मालमत्ता. तिच्या १३ नंबरच्या फ्लॅटमध्ये चाळीसच्या दशकात इस्माईल मीर नावाचा कायद्याचा विद्यार्थी राहायचा. नंतर तिथे अहमद कथराडा राहिले, जे पुढे २६ वर्षं तुरुंगात होते. नेल्सन मंडेला तेव्हा विटवॉटर्सरँड विद्यापीठात कायदा शिकत होते. रात्री उशीर झाला, गावाबाहेरच्या वस्तीत जायला गाडी उरली नाही, की ते या फ्लॅटवर मुक्काम करत. तिथे अभ्यास चाले, वाद चालत, नाचगाणंही चाले.

एकदा मीर, जे. एन. सिंग, अहमद भूला आणि मंडेला घाईघाईत खोलवड हाउसकडे निघाले आणि ट्रामवर चढले. हिंदी माणसाला त्या ट्रामवर बसायची परवानगी होती, काळ्याला नव्हती. कंडक्टर हिंदी पोरांना म्हणाला, तुमच्या या दोस्ताला इथे जागा नाही. आणि 'दोस्ता'साठी जो शब्द वापरायचा तो वापरला. पोरं तडकली. त्या शब्दाचा अर्थ तरी तुला कळतो का, असं त्यांनी कंडक्टरला सुनावलं. त्याने ट्राम थांबवली, पोलीस बोलावला, सगळ्यांना चौकीवर नेलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात ब्रॅम फिशर हे वकील उभे राहिले. त्यांचे वडील ऑरेंज फ्री स्टेटचे मुख्य न्यायाधीश. मॅजिस्ट्रेटचा नूरच पालटला आणि सगळे निर्दोष सुटले. मंडेलांनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला आहे. कामरेजच्या शेजारच्या एका गावाचं नाव असलेल्या घराकडे जाताना मंडेलांना पोलिसांनी ट्राममधून उतरवलं, हे आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगितलंय का?

आणखी एक नाव आहे. अहमद टिमोल. त्याचे वडील खोलवडचेच, १९१८ साली तिकडे गेलेले. पोरगा शिक्षक. २७ ऑक्टोबर १९७१ ला जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर स्क्वेअर पोलीस ठाण्यात, कोठडीत असताना, तो दहाव्या मजल्यावरून खाली पडून मेला. पोलिसांनी सांगितलं, स्वतःच उडी मारली. १९७२ च्या चौकशीने तेच मान्य केलं. घरच्यांनी धरलेलं सोडलं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायमूर्ती बिली मोथले यांनी फेरचौकशीत निकाल दिला: ही आत्महत्या नाही, खून आहे. ४६ वर्षं लागली. तिकडे आझादव्हिलमधल्या एका माध्यमिक शाळेला त्याचं नाव आहे.

दादूंचं नावही तिकडे जागोजागी आहे. क्रूगर्सडॉर्पच्या सरकारी इस्पितळाला आहे. डर्बनमध्ये ग्रे स्ट्रीट नावाचा हिंदी लोकांच्या बाजारपेठेचा रस्ता होता. केप वसाहतीचा गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे याच्या नावाचा. तिथली मोठी जुम्मा मशीद याच रस्त्यावर, साडीची आणि मसाल्याची दुकानं याच भागात. २००८ च्या सुमारास डर्बन महापालिकेने तो डॉ. युसूफ दादू स्ट्रीट केला. त्याच झपाट्यात कमर्शियल रोडला झुमांचं आणि पाइन स्ट्रीटला नायकरांचं नाव मिळालं. १९४७ च्या कागदावर सह्या करणारे तिघे डॉक्टर आज डर्बनच्या मध्यवस्तीत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

हे काम तिथेही गोडीगुलाबीत झालं नाही, ते लपवत नाही. पालिकेने एका दमात ढीगभर नावं बदलली. लोकांना विचारलं नाही अशी ओरड झाली. नव्या पाट्यांवर रंग फासला गेला, काही उखडल्या, प्रकरण कोर्टात गेलं. आणि कित्येक लोक अजूनही ग्रे स्ट्रीटच म्हणतात. हे आपल्याला नवं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणणारा टॅक्सीवाला मला दाखवा. पुण्यातल्या फर्ग्युसन कॉलेज रस्त्याचं अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे, हे तिथे रोज वडापाव खाणाऱ्या पोरांना माहीत नसतं.

गोखल्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो, कारण 'आपण मराठी माणसांनी या गुजराती-आफ्रिकन भानगडीत का पडावं' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. १९१२ साली नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले होते. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांपुढे बोलताना त्यांनी मराठीत बोलावं, असा हट्ट गांधीजींनी धरला. श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीयही होते, आणि त्यांना आपल्या भाषेत ऐकायला मिळावं हा हेतू. गोखल्यांना हसू आलं. तुम्ही माझ्या मराठीचा अनुवाद कसा करणार, असं त्यांनी विचारलं. गांधीजींनी हिंदुस्थानीत तो केला आणि बरा निभावला. तेव्हा दादू तीन वर्षांचे होते. या लढ्यात आपण पहिल्यापासून आहोत, उशिरा आलेले पाहुणे नाही.

दुसरं अर्धं उत्तर कामरेजमध्येच आहे. हा तालुका स्वातंत्र्यापूर्वी बडोद्याच्या गायकवाडीत, नवसारी प्रांतात होता. सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, मुलींसकट. अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा त्याच्याही आधीपासून चालवल्या. १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवायला शिष्यवृत्ती दिली ती याच दरबाराने. तेव्हा हक्क, शिक्षण, बरोबरी या गोष्टींचा या मातीशी संबंध बाहेरून आणून जोडावा लागत नाही.

आणि तिसरं, जे बोलायला आपल्याला जरा अवघड जातं. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत राहणारे आपले हजारो खानदेशी लोक काय म्हणून सुरतेत आले? दादूंचा बाप ज्या कारणाने क्रूगर्सडॉर्पला गेला त्याच कारणाने. भाड्याची खोली, मुलांच्या शाळेची भाषा, रेशन कार्डाचा पत्ता, 'बाहेरचे' हा टोमणा. या गोष्टी आपल्याला कुणी समजावून द्यायला नकोत. परमुलखात जन्मलेल्या पोराने 'मी इथलाच, आणि माझ्या शेजारचा माझ्याहून गरीब माणूसही इथलाच' असं म्हणून जे भोगलं, त्याचा मान आपण नाही ठेवणार तर कोण ठेवणार?

आता हरकती. त्या येतील, आणि ग्रामसभेत उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर येईल, म्हणून आधीच बोलू.

पहिली: तो इथे जन्मलाच नाही. खरं आहे. गाव बापाचं, मुलगा तिकडचा. पण आपण 'गावाचं नाव काढलं' असं ज्याच्याबद्दल म्हणतो तो बहुतेक वेळा गावाबाहेरच राहिलेला असतो.

दुसरी: तो कम्युनिस्ट होता. होता. १९३९ पासून पक्षात होता, १९७२ पासून दक्षिण आफ्रिकेच्या कम्युनिस्ट पक्षाचा अध्यक्ष होता. साठच्या दशकात चळवळीने शस्त्र उचललं त्यालाही त्याचा पाठिंबा होता. अर्ज लिहिताना हे लपवू नका. लपवलेलं नंतर कुणीतरी फोनवर दाखवतो आणि मग सगळा अर्जच खोटा ठरतो. गांधीजींच्या शब्दाखातर थांबलेला आणि पुढे गांधीजींची वाट सोडलेला, असा हा पुरा माणूस आहे. तो जसा होता तसा ठेवा.

तिसरी हरकत कुणी माइकवर बोलणार नाही, पण ती असेल: नाव मुसलमानाचं आहे. यावर मी वाद घालायला सांगणार नाही. एवढंच विचारा, की १९४७ ला दादूंनी ज्या कागदावर सही केली त्यात एक ख्रिस्ती आफ्रिकी होता, एक तमिळ होता, एक सुरती व्होरा होता. त्यातल्या एकाला वगळून बाकीचे दोघे पाटीवर घ्यायचे का? आणि उलट्या बाजूनेही सावध राहा. ही मागणी एका जमातीची झाली, फक्त खोलवडच्या मुसलमान घरांच्याच सह्या राहिल्या, तर ती तिथेच मेली समजा. पाटीदार सोसायट्या, हळपती वस्ती, उत्तर भारतीय भाडेकरू, आपले खानदेशी, सगळ्यांकडे जा.

नावाच्या भांडणात काय होऊ शकतं ते मराठी माणसाला सांगायची गरज नाही. २७ जुलै १९७८ ला महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. लगोलग मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, आणि लागलं तेही जुनं नाव शेवटी ठेवून: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. मला त्या तडजोडीचा राग यायचा. आता वाटतं, निदान आपल्या छोट्या कामात ती पद्धत बरी आहे. कुणाचंही नाव पुसू नका. खोलवड रोड हे नाव लोकांच्या तोंडी आहे, ते राहू द्या. 'डॉ. युसूफ दादू मार्ग' वर, आणि खाली कंसात 'खोलवड रोड'. कुठल्या देवाचं, संताचं, स्थानिक पुढाऱ्याचं नाव आधीच लागलेलं असेल तर त्या टप्प्याला हातही लावू नका, बिनानावाचा पुढचा टप्पा घ्या.

दुकानदारांना धास्ती असते ती पत्त्याची. ती खरी धास्ती आहे, हसण्यावारी नेऊ नका. जीएसटीची नोंदणी, वीजबिल, बँकेचं खातं, आधार, सगळीकडे जुना पत्ता. म्हणून ठरावातच लिहून घ्या की जुना पत्ता चालू राहील, कुणाला कागद बदलायची सक्ती नाही. एवढं एक वाक्य असलं की निम्मा विरोध तिथेच संपतो.

आता प्रत्यक्ष काम. आधी रस्ता कुणाचा ते बघा. या भागात एकाच रस्त्याचा एक तुकडा ग्रामपंचायतीचा, दुसरा जिल्हा पंचायतीचा, तिसरा मार्ग-मकान खात्याचा असतो, आणि हायवेला लागून असेल तर दिल्लीपर्यंत पत्रव्यवहार. तलाटीकडे जा, नकाशा मागा. ग्रामपंचायतीच्या ताब्यातलाच तुकडा निवडा; छोटा असला तरी चालेल. दुसऱ्या खात्याच्या रस्त्यासाठी भांडत बसलात तर तुमचा उत्साह संपेल आणि फाइल तशीच राहील. कठोर आता सुरत महापालिकेत गेलं आहे, तिथे कुणाला अशी मागणी करायची असेल तर नगरसेवकामार्फत वेगळा अर्ज लागेल, दोन्ही एकत्र घालू नका.

अर्ज गुजरातीत लिहा. मराठीत किंवा हिंदीत लिहिलात तर 'हे बाहेरच्यांचं काही चाललंय' असा समज होईल. आपल्यात गुजराती माध्यमात शिकलेली पोरं भरपूर आहेत, त्यांना बसवा. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. सरपंच आणि सदस्यांना आधी घरी जाऊन भेटा, ग्रामसभेत अचानक उठून कागद पुढे करू नका. सरपंचाला वाटलं पाहिजे की हे त्याच्या कारकिर्दीतलं काम आहे.

आणि पाटीवर मजकूर लिहा, फक्त नाव नको. नाव एकटं लिहिलं की दोन वर्षांत त्याचं 'वाय. डी. रोड' होतं आणि माणूस हरवतो. मी मसुदा सुचवतो, तुम्ही सुधारून घ्या: 'डॉ. युसूफ महंमद दादू (१९०९–१९८३). वडील खोलवडचे. दक्षिण आफ्रिकेत जन्म. काळ्या आणि हिंदी लोकांच्या समान हक्कांसाठी तुरुंगवास आणि २३ वर्षं परदेशात वनवास.' गुजराती आधी, मग हिंदी. पत्र्यावर छापा, फ्लेक्स नको. फ्लेक्स पहिल्या पावसाळ्यातच फाटतो.

शाळांचं काम शिक्षकांनी करावं. खोलवडच्या आणि कामरेजच्या शाळांत ५ सप्टेंबरला शिक्षक दिन असतोच. त्याच दिवशी दादूंचा वाढदिवस येतो, हा योग फुकट घालवू नका. दहावीतल्या एखाद्या मुलीला ट्रामचा प्रसंग बसवायला द्या. एक कंडक्टर, एक पोलीस, चार विद्यार्थी. दहा मिनिटांचं नाटक होईल आणि ते ज्यांनी पाहिलं त्यांना पाटी वाचून दाखवावी लागणार नाही.

खोलवडमध्ये ज्यांचे नातलग जोहान्सबर्ग, लेनेशिया, डर्बन किंवा इंग्लंडात आहेत त्यांना विनंती: तिकडच्या म्हाताऱ्यांकडून जुनी पत्रं, फोटो, दादूशेठच्या दुकानाचं काही उरलं असेल तर त्याची नक्कल मागवा. पैसे मागवू नका. परदेशातून पैसा आला की कागद वाढतात, आणि पाटीला इतका पैसा लागत नाही. वर्गणी इथेच काढा; चौकडीवरच्या दुकानदाराने ५० रुपये दिले तरी घ्या आणि पावती द्या.

सह्यांचा कागद कुणी तयार केला तर पहिली सही खोलवडमधल्या कुणा जुन्या घरातल्या वडीलधाऱ्यांची घ्या, मग बाकीच्या. माझी खाली कुठेतरी असू द्या.